जमिनीचा कस आणि बुद्धीचा कस

कर देणाऱ्या माणसाचें सामर्थ्य सांगण्यासाठीं मराठी भाषेंत तीन निरनिराळे शब्द आहेत: मिळकत, ऐपत आणि कुवत. मिळकत म्हणजे जें प्रत्यक्ष हातीं आलें तें. ऐपत म्हणजे घरदार, जमीनजुमला, सोनेंनाणें आणि पत हीं सर्व मिळून माणसाला जें देतां येण्यासारखें आहे तें. आणि कुवत म्हणजे मनावर घेतलें तर माणूस जें करूं शकेल तें. ॲडम स्मिथ या ग्रंथकारानें १७७६ मध्यें करांचीं चार सूत्रें सांगितलीं. त्यांतील पहिल्या सूत्रांत प्रजेनें आपापल्या सामर्थ्याप्रमाणें कर द्यावा असें त्यानें म्हटलें, आणि सामर्थ्य म्हणजे राज्याच्या आश्रयाखालीं मिळणारें उत्पन्न, असा त्याचा खुलासाही केला. परंतु सामर्थ्याचा अर्थ उत्पन्न असाच कां घ्यावा, कुवत असा कां घेऊं नये, ही शंका त्या सूत्रानें मिटली नाहीं.

दोन माणसांचें उदाहरण घेतलें म्हणजे ही शंका स्पष्ट होते. एक जात्याच तल्लख आहे. चार तास काम करून तो शंभर रुपये मिळवितो आणि उरलेला दिवस आरामांत घालवितो. दुसरा बेताच्या बुद्धीचा आहे. त्याला तेच शंभर रुपये मिळविण्यास दहा तास राबावें लागतें. मिळकत सारखी म्हणून सरकारनें दोघांपासून सारखाच कर घ्यावा, कीं पहिल्याला निसर्गानें जें अधिक दिलें आहे त्याबद्दल त्याच्यापासून अधिक घ्यावा? बुद्धि ही कोणाची कमाई नव्हे, ती जन्मतः मिळालेली ठेव आहे, असें मानलें तर दुसरें उत्तर न्यायाचें वाटतें. बुद्धि चालवावयाची कीं नाहीं हें ज्याच्या त्याच्या स्वाधीन आहे, असें मानलें तर पहिलें.

हा वाद केवळ पंडितांचा आहे असें समजण्याचें कारण नाहीं. कृष्णा, कोयना, माण आणि येरळा या नद्यांच्या प्रदेशांत, म्हणजे सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत, मिळकतीवर कर घ्यावा कीं कुवतीवर, हा प्रश्न सरकारनें प्रत्यक्ष व्यवहारांत सोडवून पाहिला आहे. फरक एवढाच, कीं तेथें परीक्षा माणसाच्या बुद्धीची झाली नाहीं, ती जमिनीच्या कसाची झाली. परंतु त्या परीक्षेंत काय साधलें आणि काय साधलें नाहीं हें पाहिलें, तर बुद्धीवरील कराचा निकाल लावण्यास पुष्कळच साहाय्य होतें.

मराठी राज्यांतील मूळ रीत मिळकतीचा वाटा घेण्याची होती. शिवछत्रपतींच्या वेळीं जमीन काठीनें मोजून, पिकाचा अंदाज करून, पांच वांट्यांपैकीं तीन रयतेस आणि दोन सरकारांत घेण्याचा नियम होता, असें सभासदानें आपल्या बखरींत नमूद केलें आहे. या रीतींत एक मोठा दिलासा होता. पीक बुडालें तर सरकारचा वाटाही त्याबरोबर बुडे. दुष्काळाचा भार राजा आणि रयत या दोघांवर पडे. परंतु तिच्यांत एक उणीवही होती. एकाच बांधाच्या दोन बाजूंस दोन शेतकरी असले, आणि एकानें खत घालून, ताली घालून, वेळेवर पेरून दुप्पट पीक काढलें, तर सरकारचा वाटाही दुप्पट होई. शेजाऱ्यानें हयगय केली तर त्याचा वाटा आपोआप हलका होई. कष्ट आणि अक्कल यांवर एक प्रकारें करच बसे.

१८१८ मध्यें पेशवाई गेली. साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांची गादी कंपनीच्या देखरेखीखालीं राहिली, सांगलीस चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांचें संस्थान राहिलें, आणि पुण्याकडील मुलूख खुद्द कंपनीच्या अमलाखालीं गेला. त्या मुलखांत १८३० च्या सुमारास रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्यानें नवी जमाबंदी बसविली. इंग्लंडांत रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञानें जमिनीच्या खंडाचा जो सिद्धांत मांडला होता, त्याचा प्रिंगलवर मोठा पगडा होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनींत सरासरीनें पीक किती येतें हें ठरवावें, त्यांतून बी, बैल, मजुरी इत्यादि खर्च वजा करावा, आणि जें निव्वळ उत्पन्न उरेल त्याचे शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे, अशी त्याची योजना होती. कागदावर ती निर्दोष होती. परंतु सरासरी पीक किती आणि खर्च किती, हें सांगणारे खालचे कामगार लांच घेऊन हवे ते आंकडे लिहीत; चांगल्या जमिनी हलक्या ठरल्या आणि हलक्या जमिनी चांगल्या. धाऱ्याचा बोजा न सोसून इंदापूर भागांतील पुष्कळ कुळांनीं शेतें टाकलीं आणि कित्येकांनीं निजामाच्या मुलखाची वाट धरली. माणसाच्या सांगण्यावर अवलंबून असलेलें कोणतेंही मोजमाप कराच्या कामीं टिकत नाहीं, हा पहिला धडा तेथें मिळाला.

त्यानंतर १८३५ मध्यें त्याच इंदापुरांत गोल्डस्मिड नांवाचा मुलकी अधिकारी आणि विंगेट नांवाचा लष्करी इंजिनिअर यांनीं काम नव्यानें हातीं घेतलें. त्यांनीं पिकाचा आणि खर्चाचा हिशेब विचारण्याचें सोडूनच दिलें. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागांत माती किती खोल आहे, तिचा रंग व पोत कसा आहे, हें खणून पाहावयाचें. चुनखड, वाळू, उतार, पाणथळपणा असे दोष आढळले तर त्यांबद्दल सूट द्यावयाची. आणि या सर्वांवरून शेताची प्रत आण्यांत ठरवावयाची. खोल काळी जमीन १६ आणे, उथळ खडकाळ माळ २ आणे, आणि या दोहोंमध्यें मिळून एकंदर ९ प्रती. गांवाचें पर्जन्यमान आणि बाजारपेठेपासूनचें अंतर पाहून दर ठरे आणि तो ३० वर्षें कायम राही. १८४७ मध्यें या पद्धतीचे नियम एकत्र करून जाहीर झाले.

१८४८ मध्यें सातारचे शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज वारले आणि राज्य खालसा झालें. पुढील दशकांत विंगेटच्या पद्धतीचे मोजणीदार व प्रतबंदी करणारे कारकून सातारा जिल्ह्यांत आले. आजच्या सांगली जिल्ह्यांतील तासगांव, खानापूर, वाळवें हा मुलूख तेव्हां साताऱ्यांतच मोडत असे. १९४९ मध्यें दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० मध्यें त्याला सांगली हें नांव मिळालें. ज्या श्रोत्यांनीं आपल्या शेताचा सात-बाराचा उतारा पाहिला असेल, त्यांना त्यांत ‘आकार’ हें एक सदर आठवेल. सर्व्हे नंबर, हद्दीचे दगड आणि हा आकार, हीं तिन्ही त्या खणण्या-मोजण्याचीं अपत्यें आहेत.

या पद्धतीचें मर्म असें, कीं ती शेतकऱ्याकडे पाहत नव्हती, शेताकडे पाहत होती. जमिनीनें काय दिलें हा प्रश्न तिनें विचारला नाहीं. जमीन काय देऊं शकते एवढेंच विचारलें. तिनें मिळकतीवरचा कर काढून कुवतीवर बसविला. त्याचा परिणामही तसाच झाला. कोणीं स्वतःच्या खर्चानें विहीर खणली, ताल घातली, माळावर गाळाची माती आणून टाकली, तर वाढलेलें पीक त्याचेंच राही. १८६५ च्या मुंबईच्या कायद्यानें तर असें स्पष्ट केलें, कीं मुदत संपल्यावर फेरआकारणी करतांना कुळानें मधल्या काळांत स्वतःच्या पैशानें केलेल्या सुधारणांवर बोजा टाकूं नये. जमिनीचा कस व ठिकाण, मालाचे भाव आणि दळणवळणाच्या सोयी एवढ्याच गोष्टी पाहाव्या. म्हणजे निसर्गानें व समाजानें जें दिलें त्याचा वाटा सरकारास, आणि माणसानें आपल्या हातांनीं व डोक्यानें जें मिळविलें तें माणसास. कराच्या न्यायाची याहून सुबक मांडणी शोधूनही सांपडणार नाहीं.

जमिनीच्या प्रतींत न मावणारी गोष्ट कोणती, हें याच प्रदेशांतील एका प्रसिद्ध उदाहरणावरून कळतें. १९१० मध्यें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानच्या हद्दींतील एका निवडुंगानें भरलेल्या ओसाड माळावर लोखंडी नांगरांचा कारखाना थाटला. ती जागा औंधच्या राजेसाहेबांनीं दिली होती. आज ती सांगली जिल्ह्यांत आहे आणि किर्लोस्करवाडी या नांवानें साऱ्या देशास ठाऊक आहे. त्या माळाची माती कोणत्याही प्रतबंदीवाल्यानें खणली असती तरी त्यानें दोन-चार आण्यांपलीकडे तिची किंमत केली नसती. पुढें तेथें जें उत्पन्न झालें तें मातीचें नव्हतें. खणून पाहणाऱ्या पहारेला बुद्धि लागत नाहीं.

परंतु कुवतीवरील कराची दुसरी बाजूही याच जिल्ह्यांनीं भोगली आहे. माण, खटाव, आटपाडी, जत हा पूर्वेकडचा पट्टा अवर्षणाचा. तेथें जमीन कसदार असली तरी पाऊस हुकला कीं दाणा पदरांत पडत नाहीं. आकार ठरवितांना चांगल्या-वाईट सालांची सरासरी धरलेली असल्यामुळें सारा दरसाल रोखीनें व ठरल्याप्रमाणें भरला पाहिजे, असा मूळ दंडक होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत ही सरासरी रयतेच्या कांहींच उपयोगी पडली नाहीं. ‘तुझी जमीन देऊं शकते’ हें वाक्य सरकारी दप्तरांत खरें होतें. ‘पण यंदा दिलें नाहीं’ हें शेतांत खरें होतें. आणि कुवत कागदावर मोठी आहे एवढ्यावरून रिकाम्या कणगींतून कर निघत नाहीं.

या दोषावर अचूक बोट ठेवणारा एक विद्वान् साताऱ्याच्याच शाळेंत शिकला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें नांव ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या सरकारी शाळेंत दाखल झालें. ती शाळा पुढें प्रतापसिंह हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली. लंडन व न्यूयॉर्क येथें राजस्वाचा गाढ अभ्यास करून आल्यावर १९२७ मध्यें मुंबई कायदे कौन्सिलांतील अंदाजपत्रकावरील भाषणांत त्यांनीं शेतसाऱ्याची आणि प्राप्तिकराची तुलना केली. प्राप्तिकर भरणाऱ्यास ठराविक मर्यादेखालीं माफी असते, आणि ज्या वर्षीं उत्पन्न नाहीं त्या वर्षीं कर नाहीं; शेतकऱ्याचें उत्पन्न मात्र कितीही तुटपुंजें असो, किंवा पीक मुळींच न येवो, सारा त्याला भरावाच लागतो; हा कोणता न्याय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. ज्याची जमीन एक-दोन एकर त्याच्या दृष्टीनें हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

येथवर जमिनीचा विचार झाला. आतां माणसाकडे वळलें पाहिजे. माणसाच्या विद्येवरून त्याचा कर कमी-अधिक करण्याचे प्रयोग महाराष्ट्रांत झालेच नाहींत असें नाहीं. मात्र त्यांची दिशा आजच्या प्रश्नाच्या उलट होती. विद्या अधिक तर कर अधिक, असें नसून विद्या अधिक तर कर कमी किंवा मुळींच नाहीं, असा तो प्रकार होता. वाई, माहुली, कऱ्हाड या कृष्णाकांठच्या क्षेत्रांतून वैदिकांना व शास्त्र्यांना इनाम जमिनी आणि वर्षासनें मिळत. पेशवाईंतील निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे माहुलीचेच. विद्वानाच्या योगक्षेमाची चिंता राज्यानें वाहावी, हा त्यामागील हेतु थोर होता. परंतु इनाम वंशपरंपरेनें चालत असे आणि विद्या तशी चालत नसे. आजोबांच्या दशग्रंथी पाठांतराबद्दल मिळालेली माफी नातवाकडे आली, तरी पाठांतर त्याच्याकडे येईलच असा नियम नव्हता. १८५२ च्या कायद्यान्वयें मुंबई इलाख्यांत इनाम कमिशन नेमलें गेलें, तेव्हां त्यानेंही इनामदारांची विद्या तपासली नाहीं. त्यांच्या सनदा तपासल्या. बुद्धीचा हिशेब ठेवण्याचें काम राज्यानें एकदां पत्करलें, कीं कालांतरानें तें बुद्धीच्या दाखल्याचा हिशेब ठेवूं लागतें, हा त्यांतील बोध.

हाताच्या कौशल्यावरही कर होता. मोहतर्फा या नांवाखालीं कोष्ट्याचा माग, तेल्याचा घाणा, वाण्याचें दुकान यांवर पट्टी बसे. तीही मागावर व घाण्यावर बसे, कसबावर नव्हे. पैठणी विणणाराचा माग आणि जाडेंभरडें कापड विणणाराचा माग सरकारच्या डोळ्यांस मागच दिसे. मुंबई इलाख्यांत १८४४ मध्यें व्यवसायांवरील हे कर उठले. परंतु ती तूट भरून काढण्यासाठीं मिठावरील कर वाढविला गेला, आणि सुरतेस त्याच वर्षीं दंगा झाला. कारागीर सुटला, त्याच्या वाट्याचें ओझें ज्याला कसलेंच कसब नाहीं अशा मजुराच्या मिठावर जाऊन पडलें.

मग विसाव्या शतकांत बुद्धि मोजण्याची विद्या निघाली तेव्हां तरी हा प्रश्न सुटला काय? फ्रान्समध्यें बिने यानें १९०५ मध्यें मुलांच्या बुद्धीची पहिली व्यवहार्य कसोटी तयार केली. पुढें डॉ. वि. वि. कामत यांनीं ती मराठी व कानडी बोलणाऱ्या मुलांना लागू पडेल अशा रीतीनें बदलून घेतली, आणि १९४० मध्यें त्यांचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. परंतु या कसोटीचा मूळ उद्देश कोणत्या मुलाला शिकतांना अधिक साहाय्य पाहिजे हें ओळखण्याचा होता. साहाय्य मिळणार असेल तेथें मूल आपली शक्ति मनापासून लावतें. त्याच कसोटीवर उद्यां कर बसणार असेल, तर कोण शहाणा माणूस तेथें आपलें शहाणपण दाखवील? परीक्षेंत नापास होण्यासाठीं अभ्यास करणाऱ्यांचे वर्ग निघतील.

हीच गोष्ट जेम्स मिर्लीस या स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञानें १९७१ मध्यें गणिताच्या भाषेंत मांडली, आणि त्याबद्दल त्यांना १९९६ मध्यें नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. सरकारला माणसाची कुवत दिसत नाहीं, फक्त मिळकत दिसते. आणि मिळकतीवर कर फार चढविला तर कुवतवान् माणूस कमी कुवतीचें सोंग घेऊन कमी काम करूं लागतो. तेव्हां न्याय आणि उद्योग यांचा मेळ कसा घालावा, हा त्यांचा प्रश्न होता. हॉलंडचे यान टिनबर्गेन यांनीं तर बुद्धीवर किंवा प्रतिभेवर प्रत्यक्ष कर बसविण्याच्या कल्पनेचा पुरस्कार केला होता. तरी आजवर कोणत्याही देशानें तसा कर बसविलेला नाहीं, आणि त्याचें कारण प्रिंगलच्या इंदापुरांतच सांपडतें. माती खोटें बोलत नाहीं. ती पहारेपासून लपत नाहीं, आणि कर वाढला म्हणून दुसऱ्या मुलखांत निघून जात नाहीं. बुद्धि या तिन्ही गोष्टी करूं शकते.

आणखी एक भेद आहे, आणि तो अधिक खोल आहे. जमिनीचा कस तिच्या पोटांतच असतो. तो खणणारानें निर्माण केलेला नसतो. बुद्धीचें तसें नाहीं. तिचें बीज जन्मतः येतें. परंतु शाळा, पुस्तक, पोटभर अन्न आणि कोणीतरी टाकलेला विश्वास यांवांचून तें रुजत नाहीं. साताऱ्याच्या शाळेंत गोणपाटाच्या तुकड्यावर वेगळें बसावें लागणाऱ्या, आणि शिपायानें वरून ओतल्याखेरीज पाणीही न मिळणाऱ्या मुलाच्या बुद्धीची प्रत त्या काळच्या कोणत्या कारकुनानें १६ आणे लिहिली असती? बुद्धीवर कर बसविणारें राज्य ज्यांची बुद्धि त्याला आधींपासून मान्य आहे त्यांचीच नोंद करील. आणि ज्यांची बुद्धि त्यानें कधीं पाहिलीच नाहीं, त्यांचा मार्ग मोकळा करण्याची त्याला निकड उरणार नाहीं.

म्हणून बुद्धि किती आहे याहूनही ती कोणाच्या खर्चानें फुलली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. आणि तो प्रथम उच्च स्वरांत विचारणारे जोतीराव फुले हे मूळ सातारा जिल्ह्यांतील कटगुण गांवच्या घराण्यांतले. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागें एक आणा लोकल फंड म्हणून रयतेकडून घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणाकडे जाई. तरीही खेड्यांतील रयतेच्या मुलांना शाळा दुर्मिळ, आणि सरकारी तिजोरींतून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना, हें वैषम्य फुले यांनीं १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत मांडलें, आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांतही त्यावर कठोर टीका केली. त्यांच्या युक्तिवादाचा रोख असा, कीं ज्या बुद्धीला कॉलेजांत पैलू पडले त्या बुद्धीवर नांगरामागें चालणाऱ्या माणसाचें ऋण आहे. विद्वानाचें उत्पन्न हें केवळ त्याच्या डोक्याचें फळ नव्हे. त्यांत कोणाच्या तरी शेतसाऱ्याचा अंश आहे.

हें ऋण कसें फेडावें याचीं दोन उत्तरें याच भूमींत मिळालीं. पहिलें उत्तर संस्थेचें. १९१९ मध्यें कऱ्हाडजवळील काले या गांवीं भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्यें तिचें ठाणें साताऱ्यास नेलें. वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, श्रम करीत आणि शिकत. गांवकरी धान्य देत. कोणत्या मुलांत किती बुद्धि आहे हें तेथें आधीं तपासलें गेलें नाहीं. संधि आधीं दिली गेली, बुद्धि मागून दिसली.

दुसरें उत्तर कायद्याचें. १८६० मध्यें हिंदुस्थानांत पहिला प्राप्तिकर आला, कांहीं वर्षांनीं उठला, पुन्हां आला, आणि १८८६ च्या कायद्यानें कायम झाला; त्या कायद्यानें शेतीचें उत्पन्न वगळलें. नोकरी, वकिली, व्यापार यांच्या मिळकतीवर एक कर आणि जमिनीच्या कुवतीवर दुसरा, अशी वांटणी त्यामुळें झाली. पुढें संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदानें राज्यांना व्यवसायांवर कर बसविण्यास मुभा दिली. त्याची वार्षिक मर्यादा प्रथम २५० रुपये होती, ती १९८८ मध्यें २५०० रुपये झाली. महाराष्ट्रानें व्यवसाय कराचा कायदा १९७५ मध्यें केला. त्यांत वकील, डॉक्टर, इंजिनिअर, वास्तुविशारद अशा पदवीच्या बळावर चालणाऱ्या व्यवसायांवर आज उत्पन्नाचा हिशेब न मागतां ठराविक वार्षिक आकार बसतो. विद्येवरील कराच्या जवळांत जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडे हीच. आणि ती जाणूनबुजून अल्प ठेवलेली आहे, हेंही ध्यानांत घेण्यासारखें आहे.

या कराचें खरें महत्त्व त्याच्या रकमेंत नाहीं. तो कशासाठीं बसला यांत आहे. १९६५ मध्यें तासगांव तालुक्यांतील विसापूर भागांत, विधान परिषदेचे सभापति वि. स. पागे यांच्या प्रेरणेनें, काम मागणाऱ्या प्रत्येक मजुरास काम देण्याचा एक छोटा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळांत त्याच धर्तीची योजना राज्यभर लागू झाली आणि १९७७ मध्यें विधिमंडळानें रोजगार हमीचा कायदा संमत केला. या योजनेला पैसा पाहिजे होता. तो उभा करण्यासाठींच शहरांतील पगारदार व व्यावसायिकांवर हा कर बसला, आणि जमलेल्या रकमेला सरकारनें आपल्या तिजोरींतून जोड दिली. पुढें २००५ मध्यें संसदेनें साऱ्या देशासाठीं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हां महाराष्ट्राचा हा अनुभव डोळ्यांपुढें होता. ज्यांच्या पूर्वजांच्या लोकल फंडांतून शाळा चालल्या, त्यांच्या नातवांना दुष्काळांत पाझर तलावावर व बांधबंदिस्तीवर मिळालेल्या मजुरींत शहरांतील शिकलेल्या माणसाचा वाटा पडला. फुले यांनीं दाखविलेल्या ऋणाचा एक हप्ता शंभर वर्षांनीं कां होईना, पोहोंचला.

या दोन शतकांच्या अनुभवावरून निघणारा निर्णय असा. बुद्धि पाहून कर ठरवूं नये. बुद्धि क्षुद्र आहे म्हणून नव्हे. ती मोजणाराच्या हातीं लागत नाहीं, मोजूं लागलें तर लपते, आणि ज्यांना संधीच मिळाली नाहीं त्यांच्या बाबतींत मोजमाप हमखास खोटें ठरतें म्हणून. मातीच्या बाबतींत कुवतीवरील कर कांहीं काळ चालला, पण तेथेंही पाऊस न पडलेल्या वर्षीं त्याचा अन्याय झांकला गेला नाहीं. माणसाची बुद्धि तर मातीहून अधिक लहरी पावसावर अवलंबून. आजारपण, घरची जबाबदारी, दैव आणि काळ यांपैकीं कशानेंही तिचें पीक बुडूं शकतें. तेव्हां कर घ्यावयाचा तो हातीं आलेल्या मिळकतीवर, आणि गरिबाला सोडून. मात्र तो देतांना बुद्धिमंतानें ही मिळकत सर्वस्वीं आपल्या डोक्याची असा अभिमान बाळगूं नये. जमिनीचा कस निसर्गानें दिला; बुद्धीचा कस निसर्गानें, गुरूनें आणि सारा भरणाऱ्या रयतेनें मिळून दिला. मिळकतीवर जो कर पडतो त्यांत या तिघांपैकीं निदान शेवटच्याचें देणें तरी असतें. आणि तो पैसा जोंवर तासगांवच्या मजुराच्या हाताला काम आणि काल्याच्या मुलाला शाळा देण्यास जातो, तोंवर तें देणें योग्य घरीं पोहोंचलें असें म्हणावयास हरकत नाहीं.